शेवटचा भाग हातात घेताना: मिलेनियम त्रयीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडिश लेखक स्टीग लार्सनच्या मिलेनियम त्रयीचे तिन्ही भाग माझ्याकडे आहेत, इंग्रजीतले, आणि ते घरात क्वचितच असतात. जुळे सोलापूर ते बाळीवेस असा त्यांचा प्रवास चालू असतो. पहिले दोन भाग लोक आठवड्यात परत आणून देतात. तिसरा नेला की आठ दिवसांनी फोन येतो, "अहो, हे काय पुढं सरकंना." तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी उत्तरं लिहूनच काढली. मी काही साहित्यातला माणूस नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. त्या धंद्याचा या पुस्तकाशी काय संबंध, ते खाली येईलच.

पहिल्या दोन भागांतलं कथानक इथं उघड होतं. तिसऱ्याचा शेवट सांगितलेला नाही.

तिसरा भाग सुटा वाचला तर चालेल का?

नाही. पहिला भाग, 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू', सुटा चालतो. बेटावरून नाहीशी झालेली मुलगी, तिचं काय झालं याचा शोध, आणि तो शोध त्याच पुस्तकात संपतो. दुसरा 'द गर्ल हू प्लेड विथ फायर' आणि तिसरा 'द गर्ल हू किक्ड द हॉर्नेट्स नेस्ट' ही मात्र एकच कादंबरी आहे, मध्ये पुठ्ठा घातलाय इतकंच. दुसरा संपतो तेव्हा नायिका लिस्बेथ सॅलँडरच्या डोक्यात गोळी आहे. तिसरा सुरू होतो तेव्हा तीच गोळी घेऊन ती हेलिकॉप्टरनं इस्पितळात येतेय. तिसऱ्यापासून सुरुवात करणारा माणूस लग्नाच्या पंगतीला ताकाच्या वेळी पोचल्यासारखा होतो.

दुसरा वाचून वर्ष झालं. पुन्हा सगळा वाचू का?

शेवटची शंभरेक पानं वाचा, पुरे. एवढं डोक्यात असू द्या: लिस्बेथचा बाप झालाचेन्को हा सोव्हिएत लष्करी गुप्तहेर खात्यातून फुटून स्वीडनमध्ये आलेला माणूस. तो मौल्यवान म्हणून स्वीडनच्या सुरक्षा पोलिसांनी, म्हणजे सेपोनं, त्याला लपवून ठेवला. घरी तो लिस्बेथच्या आईला मरेस्तोवर मारायचा. बारा वर्षांच्या लिस्बेथनं त्याच्या अंगावर पेट्रोल टाकून काडी लावली. पोरगी बोलली तर बाप उघडा पडणार, म्हणून तिला लहान मुलांच्या मनोरुग्णालयात टाकलं आणि डॉक्टर तेलेबोरियननं ती वेडी असल्याचं लिहून दिलं. या सगळ्याचा १९९१ सालचा एक पोलिसी अहवाल आहे. तो अहवाल विसरलात तर तिसऱ्या भागात कोण कशाच्या मागं पळतंय तेच कळायचं नाही.

सुरुवात एवढी संथ का? नायिका तर पलंगावरून उठतच नाही.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि माझं खरं म्हणणंही याच उत्तरात आहे.

पहिल्या दोन भागांनी आपल्याला एक सवय लावलेली असते. लिस्बेथ मोटारसायकलवरून येणार, कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये शिरणार, कुणाला तरी चांगला धडा शिकवणार. तिसऱ्यात ती गोथेनबर्गच्या सालग्रेन्स्का इस्पितळात पडून आहे, दाराशी पोलीस, भेटायला फक्त वकील आणि डॉक्टर. आणि त्याच मजल्यावर, दोन-चार खोल्या सोडून, तिचा बाप. मारामारीची अपेक्षा ठेवून बसलेला वाचक इथं चुळबुळायला लागतो.

पण हे पुस्तक खुनाचं नाहीच. ते कागदांचं आहे. एका मुलीबद्दल कुणीतरी कधीतरी एक कागद लिहिला, त्यावर सही-शिक्का झाला, आणि पुढची सगळी वर्षं तो कागद खरा आणि ती खोटी असं चाललं. शाळेनं तो वाचला, न्यायालयानं वाचला, वर्तमानपत्रांनी वाचला. आता तिला निर्दोष सुटायचंय, तर कुणाला मारून काही उपयोग नाही. तो कागद खोटा होता हे दुसऱ्या कागदांनी दाखवावं लागणार. म्हणून १९९१ च्या अहवालाची एकेक प्रत नाहीशी व्हायला लागते तेव्हा अंगावर काटा येतो. ते खुनापेक्षा वाईट वाटतं.

आमच्याकडे लेखापरीक्षणाला माणूस येतो तेव्हा कुणाचा आवाजही चढत नाही. तो चहा घेतो, मार्च महिन्याची फाईल मागतो, एक व्हाउचर बोटाखाली धरून शांतपणे विचारतो, "ही सही कुणाची?" त्या क्षणी टेबलापलीकडच्या माणसाच्या कपाळावर घाम बघा. तिसऱ्या भागातला थरार नेमका त्या जातीचा आहे. लिस्बेथची वकील आनिका जियानिनी न्यायालयात उभी राहून प्रश्न विचारते ती पानं मी उभ्यानं वाचली होती. बसवेना.

माझ्या वडिलांच्या एका दाखल्यावर आडनावातला एक काना राहिला होता. तेवढ्यासाठी एका कार्यालयात तीन वर्षं खेटे घातले. प्रत्येक वेळी खिडकीतला माणूस दाखल्याकडे बघायचा, मग वडिलांकडे, मग पुन्हा दाखल्याकडे, आणि विश्वास दाखल्यावर ठेवायचा. वडील समोर जिवंत उभे असताना. ज्याच्या घरी असलं काही घडलंय त्याला हे पुस्तक संथ वाटत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणि पलंगावर पडून ती काहीच करत नाही असंही नाही. पाम टंगस्टन टी३ नावाचा एक तळहाताएवढा कॉम्प्युटर, भिंतीमागच्या हवेच्या झरोक्यात लपवलेला मोबाईल, आणि त्या मोबाईलचं चार्जिंग सांभाळणारा इद्रिस घीदी हा कुर्दी सफाई कामगार. संपूर्ण राज्ययंत्रणेशी लढाई एका झाडूवाल्याच्या भरवशावर चाललीय. लार्सन त्या माणसाला नाव देतो, मागची कहाणी देतो, त्याच्या कामाचे पैसे चुकते होताना दाखवतो. हे मला फार आवडलं.

सुरक्षा पोलिसांतली ती गुप्त टोळी खरी होती का?

कादंबरीतला 'सेक्शन' काल्पनिक आहे. पण तो ज्या मातीवर उभा केलाय ती खरी आहे, आणि तेवढा इतिहास ठाऊक असला की मधली म्हाताऱ्या हेरांची प्रकरणं कंटाळवाणी वाटत नाहीत.

१९६३ साली स्वीडिश हवाई दलातला कर्नल स्टीग वेनरस्ट्रॉम सोव्हिएत युनियनसाठी हेरगिरी करताना पकडला गेला. देशाला मोठाच हादरा बसला. कादंबरीतला गुलबर्ग आपला सेक्शन काढतो तो याच घबराटीतून. दुसरं प्रकरण १९७३ चं. यान गिलू आणि पेटर ब्रात या दोन पत्रकारांनी 'आयबी' नावाच्या एका गुप्तवार्ता खात्याचं बिंग फोडलं. जनतेला आणि संसदेला ज्याचा पत्ता नव्हता असं हे खातं देशातल्याच डाव्या विचारांच्या लोकांच्या नोंदी ठेवत होतं. बिंग फोडणारे तुरुंगात गेले, हेरगिरीच्या आरोपाखाली. लार्सनचा नायक, 'मिलेनियम' मासिकाचा मिकाएल ब्लूमक्विस्ट, याच परंपरेतला पत्रकार.

तिसरं साल १९७६. चाळीस वर्षांहून अधिक काळ जवळपास सलग राज्य केलेला सोशल डेमोक्रॅट पक्ष त्या वर्षी निवडणूक हरला आणि थॉर्ब्यॉर्न फेल्दिन पंतप्रधान झाले. लार्सननं झालाचेन्कोला नेमका त्या निवडणुकीच्या दिवशी स्वीडनमध्ये आणून सोडलाय. सरकार बदलतंय, कुणाला काय सांगायचं हेच ठरलेलं नाही, आणि एवढा मोठा मासा गळाला लागलाय. मग चार माणसं ठरवतात की कुणाला सांगायचंच नाही. पुढची सगळी पापं त्या एका सोयीस्कर गप्प बसण्यातून आलेली आहेत. फेल्दिन हे खरे पंतप्रधान कादंबरीत पात्र म्हणूनही येतात.

आणि २८ फेब्रुवारी १९८६. पंतप्रधान ओलोफ पाल्मे बायकोबरोबर सिनेमा पाहून स्टॉकहोमच्या रस्त्यानं चालत घरी निघाले होते, सोबत अंगरक्षक नव्हता, आणि त्यांना गोळी घातली. तपास २०२० पर्यंत चालला. स्वच्छ, शिस्तीचा देश म्हणून आपण ज्याच्याकडे बघतो तिथल्या लोकांच्या मनात ही गोष्ट कायम ठसठसत राहिली. लार्सन त्या ठसठशीवर बोट ठेवून लिहितो.

राज्यघटना आणि कायद्याची चर्चा आहे ती पानं गाळली तर?

गाळू नका. दोन गोष्टी माहीत असल्या की ती पानं सरळ होतात. स्वीडनमध्ये वृत्तपत्रस्वातंत्र्याचा कायदा १७६६ सालचा आहे, जगातला पहिला. सरकारी दस्तऐवज नागरिकाला बघायला मिळण्याचा हक्क त्यातच आला. आणि पत्रकाराला माहिती कुणी दिली हे शोधून काढायला सरकारी अधिकाऱ्यांना तिथं मनाई आहे. म्हणजे ब्लूमक्विस्टवर पाळत ठेवणारा सेक्शन नुसता आगाऊपणा करत नाही, तो देशाच्या मूलभूत कायद्याला हात घालतोय. सेपोमधलाच एक प्रामाणिक अधिकारी हे ओळखतो आणि आपल्याच खात्याची चौकशी सुरू करतो.

योगायोग बघा, कादंबरीतला खटला २००५ च्या उन्हाळ्यात उभा राहतो, आणि आपला माहिती अधिकार कायदा लागू झाला तो १२ ऑक्टोबर २००५ ला. आपल्याकडचे अर्ज, अपिलं, "सदर माहिती उपलब्ध नाही" ही उत्तरं ज्यांनी पाहिलीत त्यांना ही प्रकरणं अगदी घरची वाटतील.

नावं लक्षात राहत नाहीत. काय करू?

कुणाच्याच राहत नाहीत. मोदिग, माल्म, मोर्टेन्सन ही तीन वेगवेगळी माणसं आहेत: एक पोलीस, एक मासिकाचा कला संपादक, एक दुष्टांच्या बाजूचा. माझ्या प्रतीच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद चिकटवलाय. कारखान्यातल्या चलन पुस्तकाचाच आहे. त्यावर तीन रकाने: लिस्बेथच्या बाजूचे, सेक्शनचे, आणि ज्यांचं अजून ठरलेलं नाही असे. तिसऱ्या रकान्यातली नावं वाचणाऱ्यानं पेन्सिलनं इकडेतिकडे हलवायची. आतापर्यंत सगळ्यांनी हलवलीत, खाडाखोड भरपूर झालीय, आणि तो कागद आता पुस्तकापेक्षा मजेशीर दिसतो. पेन वापरू नका एवढीच विनंती.

इंग्रजीत सगळे एकमेकांना 'यू' म्हणतात. मनात 'तू' ऐकायचं की 'तुम्ही'?

हा प्रश्न आमच्या शेजारच्या वहिनींनी विचारला, आणि मला तो या यादीतला सगळ्यात हुशार प्रश्न वाटतो. मराठी वाचणारा माणूस हे मनात ठरवल्याशिवाय पुढं जाऊच शकत नाही. डॉक्टर योनासन लिस्बेथशी बोलतो तेव्हा तो 'तू' म्हणतोय का? लिस्बेथ न्यायाधीशांना काय म्हणेल?

स्वीडिशमध्ये एकेकाळी हुद्द्यानं, पदवीनं बोलायची पद्धत होती, आपल्या 'रावसाहेब'सारखी. १९६० च्या दशकात ती झपाट्यानं गेली. १९६७ मध्ये तिथल्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी आपण सगळ्या कर्मचाऱ्यांना 'दू', म्हणजे 'तू', म्हणणार असं जाहीर केलं आणि ते या बदलाचं प्रतीकच होऊन बसलं. तेव्हा कादंबरीतल्या स्वीडनमध्ये जवळपास सगळेच एकमेकांना 'तू' म्हणताहेत. रुग्ण डॉक्टरला, शिपाई साहेबाला.

मी तसं वाचून बघितलं. एक गंमत झाली. तेलेबोरियन लिस्बेथशी गोड बोलतो ते प्रसंग 'तू' मध्ये ऐकले की दसपट किळसवाणे होतात. आपल्याकडे 'तू' मायेचंही असतं आणि तुच्छतेचंही, आणि तो माणूस दोन्ही एकदम करतोय. 'तुम्ही' मध्ये हे दिसतच नव्हतं.

ही माणसं सारखी कॉफी का पितात?

स्वीडिश आहेत म्हणून. आपल्या कादंबरीत चहाचे कप कुणी मोजत नाही.

एरिका बर्गरला धमक्या येतात ते उपकथानक मुख्य गोष्टीशी कुठं जुळतं?

खरं सांगायचं तर फारसं जुळत नाही. 'मिलेनियम'ची संपादक एरिका ते मासिक सोडून मोठ्या दैनिकात संपादक म्हणून जाते, तिथं कुणीतरी तिच्या मागं लागतं, आणि ती गुंतागुंत आपल्या वाटेनं जाऊन संपते. विषय तोच आहे, बाईचा द्वेष करणारे पुरुष. पण कादंबरीचा वेग तिथं मार खातो. संपादकानं लेखकासमोर बसून शंभर पानं कमी करून घेतली असती तर बरं झालं असतं, पण समोर बसायला लेखक उरला नव्हता. घाई असेल तर ही पानं भराभर वाचा, कुणी विचारणार नाही.

विभागांच्या सुरुवातीला लढणाऱ्या बायकांबद्दल टिपणं आहेत. ती कशासाठी?

अमेरिकेच्या यादवी युद्धात पुरुषवेषात लढलेल्या बायका, प्राचीन कथांतल्या अ‍ॅमेझॉन, अशी छोटी छोटी टिपणं आहेत. पहिल्या भागाचं मूळ स्वीडिश नाव मराठीत आणलं तर 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष' असं होईल. इंग्रजीत ते गेलं आणि गोंदण आलं. ते मूळ नाव डोक्यात ठेवून टिपणं वाचा, म्हणजे ती शोभेची राहत नाहीत.

तिसऱ्या भागाचं मूळ नाव तर मराठीत जसंच्या तसं बसतं. आपण 'हवेत इमले बांधणं' म्हणतो, स्वीडिशमध्येही हवेतल्या वाड्याचाच शब्द आहे. नाव आहे, उडवून दिलेला हवेतला इमला. इंग्रजीतल्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यापेक्षा मला हे जास्त पटतं. सेक्शन म्हणजे नेमका तसाच इमला, पाया नसलेला, फक्त फायलींवर तरंगणारा.

फार भयानक आहे का? कॉलेजातल्या मुलीला देऊ का?

तिन्ही भागांत लैंगिक अत्याचार आहेत. सगळ्यात वाईट प्रसंग पहिल्या भागात घडतो. तिसऱ्यात तो नव्यानं घडत नाही, पण न्यायालयात त्याची चित्रफीत पुरावा म्हणून येते, आणि लहान मुलीला पलंगाला बांधून ठेवल्याच्या आठवणी येतात. हिंसा आधीच्या भागांपेक्षा कमी, पण आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या वाचकाला मी देतो, आधी हे सांगून देतो. एका मावशींनी पहिला भाग साठाव्या पानावर परत केला आणि म्हणाल्या, "झोप येत नाही रे बाबा." त्यांना पुढचा आग्रह केला नाही.

हा खरंच शेवटचा भाग आहे का? बाजारात पुढचेही दिसतात.

लार्सनचा शेवटचा. तो ९ नोव्हेंबर २००४ ला वारला, वय ५०. त्याच्या मासिकाच्या इमारतीतली लिफ्ट बंद होती, जिने चढून वर गेला आणि हृदयविकाराचा झटका आला. त्रयीतलं एकही पुस्तक तेव्हा छापून आलेलं नव्हतं. ती २००५, २००६ आणि २००७ मध्ये एकामागून एक आली. २०१५ पासून दाविद लागेरक्रान्त्सनं तीन भाग लिहिले, त्यानंतर कारिन स्मिर्नोफ लिहिते आहे. ते वाचायचे की नाही तुम्ही ठरवा. माझ्याकडे नाहीत.

पण यातली मला चटका लावणारी गोष्ट वेगळी आहे. लार्सन आणि एवा गाब्रिएल्सोन तीस वर्षं एकत्र राहिले, लग्न केलं नव्हतं. स्वीडनच्या कायद्यानं लग्नाशिवायच्या जोडीदाराला वारसाहक्क आपोआप मिळत नाही. सगळं त्याच्या वडिलांकडे आणि भावाकडे गेलं. १९७७ सालचं त्याचं एक मृत्युपत्र सापडलं होतं, पण त्यावर साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या, म्हणून तेही बाद. आणि या तिसऱ्या भागाच्या उपसंहाराला मथळा आहे तो मृताच्या मालमत्तेच्या यादीचा. मी ते पान वाचून झाल्यावर उठलो, कपाटातली आमची कागदपत्रांची पिशवी काढली आणि बायकोला दाखवली. ती म्हणाली, "रात्री साडेअकराला?"

सिनेमा पाहिलाय, मग पुस्तक कशाला?

२००९ चा स्वीडिश सिनेमा बरा आहे, नूमी रापास उत्तम. पण कागदांचा थरार पडद्यावर मावत नाही. हॉलिवूडनं २०११ मध्ये फक्त पहिला भाग केला.

किती दिवस लागतील? वाचायचं कधी?

सहाशेच्या आसपास पानं आहेत. इंग्रजी सवयीचं असेल तर तासाला पंचवीस-तीस. हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याहून सोलापूरला यायला चार तास लागतात, म्हणजे अशा पाच-सहा फेऱ्या. मी निम्मं पुस्तक तसंच संपवलं. एकदा कुर्डूवाडी कधी गेलं तेही कळलं नाही.

उरलेलं निम्मं पाण्याच्या रात्री. आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, आणि बऱ्याचदा अडीच-तीनला. नळ आधी खाकरतो, मग नुसती हवा सोडतो, मग गढूळ धार. तोवर जागं राहायचं असतं. खटल्याची प्रकरणं मी मोरीच्या उंबऱ्यावर स्टूल टाकून वाचली. तेलेबोरियनची उलटतपासणी चालू होती. आतून आवाज आला, "अहो, पिंप भरून वाहूलालंय!" वाहत होतं खरं. पाय ओले झाले होते आणि मला पत्ता नव्हता.

पुस्तक परत कधी द्यायचं?

तीन आठवड्यांत. दुसऱ्याला परस्पर देऊ नका. २१४ व्या पानावर शेंगा चटणीचा तेलकट डाग आहे, तो आधीपासूनचा आहे, तुमच्यावर येणार नाही. चलनाचा कागद मात्र पुस्तकातच राहू द्या. आणि पहिल्या भागाची प्रत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास कुणीतरी नेलीय ती अजून आलेली नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणून द्यावी, दोघं जण तिच्यासाठी थांबलेत.